पेटी उघडली की गोळी

मेडिकलच्या दुकानात अठरा वर्षं उभं राहिलं की माणसाला कुठल्याही डॉक्टरचं अक्षर वाचता येतं आणि कुठल्याही पेशंटच्या बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही. "गोळ्या बराबर घेतल्या" असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्या पिशवीत अर्धं पाकीट शिल्लक असतं. कळमनुरीत मी ज्या दुकानात काम करतो ते मालकाचं आहे, पण मालक समोर बसलेला असला तरी गिऱ्हाईक मलाच विचारतं. मालकालाही त्याचं वाईट वाटत नाही, कारण तो तेव्हा मोबाइल बघत असतो.

मला विचारतात ते माझ्या पद्धतीमुळं. पाकिटावर 'सकाळ-संध्याकाळ' लिहून उपयोग नसतो. ज्याला वाचता येत नाही तो वाचत नाही, आणि ज्याला येतं तोही वाचत नाही. म्हणून मी गोळी घड्याळाला बांधत नाही, कामाला बांधतो. बीपीची गोळी गुरं सोडायच्या आधी. थायरॉइडची गोळी उठल्यावर, चहाच्या बऱ्याच आधी, चूळ भरली की लगेच. साखरेची गोळी पहिली भाकरी ताटात पडली की. माणूस गोळी विसरतो, पण गुरं सोडायची विसरत नाही. विसरलाच तर गुरं आठवण करून देतात. पाकिटावर मी पेनानं बैल काढतो, तांब्या काढतो, भाकरी काढतो. बैल चांगला जमतो. आसपासच्या खेड्यांतली, तांड्यांवरची माणसं खास माझ्याकडं येतात आणि मी जेवायला गेलो असलो तर बाकड्यावर बसून राहतात. मला याचा अभिमान होता, आणि तो मी लपवतही नव्हतो.

एकदा एका म्हाताऱ्याची गोळी मी सकाळच्या पहिल्या बिडीला बांधून दिली. आधी गोळी, मग बिडी. दोन वर्षं त्यानं एक दिवस चुकवला नाही. मग डॉक्टरांनी त्याची बिडी बंद केली, आणि बिडीबरोबर गोळीही बंद झाली. त्याला झटका आला, तोंड थोडं वाकडं झालं, पुढं सुधारलं. म्हातारा बिडी सोडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, म्हणून मी ती गोष्ट गंमत म्हणून सांगत असे. ती गंमत नव्हती हे मला पुढं घरातच कळलं.

माझी माय बांगड्या भरते. आजीही भरायची. लाकडी पेटी, तिच्यात दोऱ्यात ओवलेल्या काचेच्या बांगड्या, खाली अंथरायला एक सतरंजी, बाजूला साबणाच्या पाण्याची वाटी. बाबा पेटी उचलतात, छत्री लावतात आणि मग दिवसभर पलीकडं बसून बायकांकडं पाठ करून पेपर वाचतात. माय कळमनुरीच्या बाजारात बसायची, आखाडा बाळापूरला जायची, नरसी नामदेवला देवळाच्या वाटेवर बसायची, शिवाय आणखी एका खेड्याचा बाजार करायची. म्हणजे आठवड्यातले चार दिवस पेटी घराबाहेर.

बाई समोर बसली की माय तिचा हात आधी नुसता धरून बघते. "सव्वादोन," म्हणते, किंवा "अडीच," आणि बांगडीचं ते माप चुकत नाही. मग साबण लावते, अंगठ्याचं मूळ आत दाबते, बोटांच्या गाठी एकात एक घेते आणि तेवढ्यात बाईला माहेरचं काहीतरी विचारते. बाई सांगायला लागते तोवर चार बांगड्या मनगटात गेलेल्या असतात. सगळ्या भरून झाल्या की बाई हात जोडून मायला नमस्कार करते, आणि माय 'चुडा अखंड राहो' असा आशीर्वाद देते. समोरची बाई वयानं मोठी असली, घरानं मोठी असली, तरी ती बांगड्या भरणारीला नमस्कार करते. लहानपणी मला हे चमत्कारिक वाटायचं. एकदा एक पांढऱ्या केसांची म्हातारी मायपुढं वाकली तेव्हा मी विचारलं, ती काहून पाया पडली. माय म्हणाली, "माझ्या न्हाई पडली. काम झालं म्हणून नमस्कार करून राहिली. तो घ्यायचा अन् आशीर्वाद द्यायचा. त्यात आपलं काय हाय?"

मी हा धंदा घेतला नाही. मला बांगड्या भरता येतात, पण मी औषधांकडं गेलो. औषध फुटत नाही, असं मी तेव्हा म्हणालो होतो. मायनं पेटीचं झाकण लावलं.

चार-पाच वर्षांपूर्वी मायचे हात सकाळी मिटेनासे झाले. उठल्यावर दोन-दोन तास बोटं ताठ. मग गाठींना सूज. तिनं ती कुणाला सांगितली नाही. तिच्या स्वतःच्या बांगड्या मनगटातून मागं-पुढं होईनात, त्यावरून बाबांच्या लक्षात आलं. "माझा हात सव्वादोनचा अडीच झाला," असं तिनं मला सांगितलं, जणू हात दुसऱ्याच बाईचा आहे. मग ज्याला त्याला वैद्यकी सुचली. आमच्या जिल्ह्यात हळद शिजवून, वाळवून ट्रकनं बाहेर जाते, त्यामुळं प्रत्येकाचा पहिला सल्ला हळद. दूध-हळद झाली, हळदीचा लेप झाला. मायचे हात पिवळे झाले आणि दुखत राहिले. पुण्याच्या एका नातेवाइकानं हळदीच्या कॅप्सूल पाठवल्या, काचेच्या सुंदर बाटलीत. आमची हळद पुण्याला जाऊन, कपडे बदलून परत आली, असं बाबा म्हणाले. ते वर्षातून एवढंच बोलतात.

मी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या देत होतो. त्यानं दिवस जायचा आणि दुखणं राहायचं. एक-एक करून बाजार सुटले. आधी दूरचं खेडं, मग बाळापूर, मग नरसी. शेवटी फक्त कळमनुरीचा बाजार राहिला, कारण तो घरापासून चालत जाण्यासारखा. तिथंही ती मोठ्या मापाच्याच बांगड्या भरायची. लग्नाचा हिरवा चुडा भरायला नवरीच्या घरून बोलावणं आलं तेव्हा तिनं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी ती जेवली नाही. भूक नाही, एवढंच म्हणाली. मला तेव्हा फार वाईट वाटलं आणि मी तिला नांदेडला घेऊन गेलो.

नांदेडचे डॉक्टर सांध्यांचेच होते. त्यांनी मायचा हात हातात घेतला आणि बोटांच्या मुळाशी, चारही गाठी एकदम, दोन्ही बाजूंनी दाबल्या. मायच्या तोंडून आवाज निघाला नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "हा आमवात आहे मावशी. ही झीज नाही. शरीर आपल्याच सांध्यांशी भांडतंय." बाहेर आल्यावर माय मला म्हणाली, "ह्याला बांगड्या भरता येतील. धरायची जागा बराबर ठाऊक हाय." तिच्याकडून डॉक्टरला मिळालेलं ते प्रमाणपत्र होतं.

पहिल्यांदा एकच औषध मिळालं, मेथोट्रेक्सेट. छोटी पिवळी गोळी, आठवड्यातून एकदा. फक्त एकदा, हे डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं, आणि मी मान डोलावली, कारण हे मला माहीत होतं. दुकानात ही गोळी देताना मीच दहा वेळा बजावतो. रोज घेतली तर ही गोळी रक्त तयार होणं बंद पाडते. दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिडची एक गोळी, पहिलीचा त्रास कमी व्हावा म्हणून. आणि दर महिन्याला रक्ताची तपासणी.

चार महिन्यांनी सूज निम्मी झाली आणि तिथंच अडली. मग डॉक्टरांनी आणखी दोन औषधं जोडली. एक हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, जी मुळात मलेरियाची. तिच्यासाठी वर्षाला डोळे तपासायचे. दुसरी सल्फासलाझिन, केशरी रंगाची. माय म्हणाली, एकानं बरं वाटतंय तर तीन कशाला? डॉक्टर म्हणाले, "एकटं औषध वाढवत नेलं तर त्रास वाढतो. तीन थोडी थोडी मिळून जास्त काम करतात." मायनं विचार केला. म्हणाली, "कडक हात असला की आमी बी तसंच करतो. साबण, अंगठा अन् गप्पा. नुसत्या अंगठ्यानं जोर केला तर बांगडी वाढते." आमच्या घरात बांगडी फुटत नाही, वाढते. डॉक्टरांना ते कळलं नाही, पण ते हसले.

आता घरात औषधांचा पसारा झाला आणि मी माझी पद्धत काढली. मलेरियाची गोळी भाकरीला बांधली. केशरी गोळी दोन वेळच्या जेवणाला बांधली. त्या गोळीनं लघवी केशरी होते हे मी आधी सांगायला विसरलो, तर मायनं दोन दिवस हळद बंद केली. राहिली आठवड्याची पिवळी. ती चुकूनही रोज घेतली जाऊ नये म्हणून मी ती घरात ठेवलीच नाही. बांगड्यांच्या पेटीत, झाकणाच्या आतल्या कप्प्यात ठेवली. पेटी आठवड्यातून एकदाच उघडायची, कळमनुरीच्या बाजाराला. "पेटी उघडली की आधी गोळी," मी सांगितलं. "अन् दुसऱ्या दिवशी पेटी घरात असली की ती दुसरी, फॉलिकची." बाबांना म्हणालो, बघा, चूक व्हायला जागाच नाही. गिऱ्हाइकांना मी महिन्याच्या वर गोळ्या देत नाही, पण हे घरचं काम. तीन महिन्यांच्या तेरा गोळ्या एकदम ठेवून दिल्या. झाकणाला आतून पाकीट चिकटवलं आणि त्यावर पेटी काढली. पेटीही चांगली जमली होती.

आणि माय बरी झाली. हळूहळू झाली, पण दिसेल इतकी झाली. सकाळचा ताठपणा दोन तासांवरून चहा होईपर्यंत आला. मनगटातल्या बांगड्या पुन्हा हलू लागल्या. स्वयंपाकघरातून काचेचा आवाज यायला लागला. तो आवाज बंद झालेला होता हे मला तो परत आल्यावर कळलं. पहिल्या तेरा गोळ्या ठरल्या वेळी संपल्या, मी पुन्हा तेरा ठेवल्या. लग्नसराई लागली तशी ती आधी बाळापूरला गेली. मग नरसीला. मग दूरच्या खेड्याचाही बाजार धरला. मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो, तीन औषधं मिळून दिली की असा फरक पडतो. लोक मायचे हात बघायला बाजारात थांबायचे. त्या महिन्याची रक्ताची तपासणी राहिली. लग्नसराईत दिवस मोडेल म्हणून मीच म्हणालो, राहू दे, पुढच्या महिन्यात करू, आता बरीच आहेस.

पेटी आठवड्यातून चार दिवस उघडत होती. हे मला दिसत होतं, बाबांना दिसत होतं, सगळ्या कळमनुरीला दिसत होतं.

एक दिवस माय दुकानात आली आणि म्हणाली, तोंड आलंय, तिखट लागू देत नाही. मी बी-कॉम्प्लेक्स आणि लावायची जेल दिली. आठ दिवसांनी पुन्हा आली, तोंड तसंच. दंडावर निळे डाग होते. पेटीचा कोपरा लागला असेल, ती म्हणाली. लागला असेल, मी म्हणालो. दुसऱ्या कुणाची माय असती तर मी विचारलं असतं की कुठल्या गोळ्या चालू आहेत. हिच्या गोळ्या तर मीच लावून दिलेल्या होत्या.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ती पुन्हा काउंटरपुढं उभी राहिली. चेहरा उतरलेला, अंगात कणकण. मागं दोन गिऱ्हाइकं होती.

"गोळी संपली," ती म्हणाली.

"कुठली?"

"पेटीतली."

"ती कशी संपल? ती तर अजून दोन महिने जायला पाहिजे."

"पेटी उघडली की एक घेते. तूच सांगितलं ना."

मी विचारलं, बाळापूरला? घेतली. नरसीला? तिथं बी घेतली. दुसऱ्या दिवशीची ती दुसरी गोळी? माय म्हणाली, "दुसऱ्या दिशी पेटी घरी कुठं असती? दुसऱ्या दिशी दुसरा बाजार." मग माझा चेहरा बघून तिनं सावकाश विचारलं, "काहून? मला वाटलं, काम वाढलं तर गोळी बी वाढणार. जितका हात चालल तितकं त्याला लागल."

अठरा वर्षांत शेकडो माणसांना मी गोळ्या समजावल्या असतील. त्यांतलं कुणी निम्मं ऐकतं, कुणी पावपट. मी सांगितलेलं शब्दाला शब्द पाळणारी ती एकटीच निघाली.

मी तिला तसंच लॅबमध्ये नेऊन रक्त द्यायला लावलं. लॅबवाला एरवी रिपोर्ट मोबाइलवर टाकतो. त्या दिवशी तो कागद हातात घेऊन स्वतः आला आणि मालकासमोर काही न बोलता मला बाहेर बोलावलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्या. प्लेटलेटही तळाला. तासाभरात आम्ही गाडी करून नांदेडच्या वाटेला लागलो. बाबा पुढं बसले होते. माय मागं माझ्या खांद्याला टेकली होती आणि गाडीवाल्याला त्याच्या बायकोचं माहेर विचारत होती.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्हाला मास्क. मेथोट्रेक्सेटचा उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली, बाकीच्या दोन गोळ्याही थांबवल्या. सिस्टर म्हणाली, सलाईन लावायचंय, हातातल्या बांगड्या काढा, नाही तर कापाव्या लागतील. मायनं साबण मागितला. ताप असताना, ओठ फुटलेले असताना, तिनं स्वतःच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. एकही वाढवली नाही. बाबांनी त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या. नवरा शेजारी जिवंत उभा आणि बाईचे हात मोकळे, हे बाबांना बघवेना. ते दाराकडं तोंड करून बसले. पेपर नव्हता, तरी तसेच बसले.

तिसऱ्या दिवशी ताप उतरेना. डॉक्टर दिवसातून चारदा आले, आणि चारदा येणारा डॉक्टर चांगली खबर घेऊन येत नाही. त्या दुपारी मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं की ही आता जाते आणि हिला मी मारलं. दुसऱ्या कुणी नाही, रोगानं नाही, मी. जिन्यात जाऊन मी रडलो. मग तोंड धुऊन वर आलो, तर बाबांनी न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

पाचव्या दिवशी पेशी वाढायला लागल्या. सातव्या दिवशी ताप गेला आणि तिला साध्या वॉर्डात आणलं. आठव्या दिवशी तिनं भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

शेजारच्या खाटेवर कळमनुरीचीच एक बाई होती. तिचा नवरा आमच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. माझा बैल काढलेलं पाकीट तिच्या उशाशीच होतं. नवव्या दिवशी डॉक्टर राउंडला आले तेव्हा तो नवरा तिथंच उभा होता. डॉक्टरांनी मायची फाइल बघितली आणि विचारलं, "मावशी, आठवड्यातून एकदा म्हणून मी तीनदा सांगितलं होतं. मग चार-चार गोळ्या कुणी घ्यायला सांगितल्या?"

मी तोंड उघडलं. शेजारच्या खाटेकडं बघितलं. आणि तोंड मिटलं.

"कुणीच न्हाई," माय म्हणाली. "मी अडाणी बाई. माझंच चुकलं."

डॉक्टर रागावले. जीव गेला असता, कळतं का, वगैरे. माय खाली बघून ऐकत होती. मग ते माझ्याकडं वळले. "पेशी पूर्ण भरल्या की बाकीच्या दोन गोळ्या चालू करू. पण मेथोट्रेक्सेट हिच्या हातात परत देता येणार नाही. जिला आठवडा कळत नाही तिला हे औषध म्हणजे विष. दोन औषधांवर जेवढा फरक पडेल तेवढा पडेल. जास्त आशा ठेवू नका." त्यांनी फाइलमध्ये मेथोट्रेक्सेटच्या नावावर एक आडवी रेघ मारली आणि पुढच्या खाटेकडं गेले. शेजारचा नवरा मला म्हणाला, "जुन्या माणसाला समजावून सांगणं लई अवघड हाय बघा. तुमच्यासारखा मेडिकलवाला घरात असून ही गत." मी व्हय म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून सुट्टी होती. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि माझ्याकडं दिला. "भर," म्हणाले. आमच्या घरात नवऱ्यानं बायकोला बांगड्या भरायच्या नसतात, आणि बिनबांगडीच्या हातानं तिनं घरात पाऊल टाकायचं नव्हतं. मी दवाखान्याच्या बेसिनवरचा साबण घेतला आणि खाटेवर तिच्यासमोर बसलो. किती वर्षांनी मी तो हात तसा धरत होतो. गाठी खाली बसलेल्या, कातडी सैल, वजन नाही. धरल्या धरल्या मला कळलं, सव्वादोन. रोगाच्या आधीचं माप. तीन औषधांनी एवढं केलं होतं, आणि त्यातलं मुख्य आता रेघेखाली गेलं होतं.

मी अंगठ्याचं मूळ आत दाबलं. बांगडी गेली. दुसरी गेली. तिला माहेरचं विचारायला हवं होतं, मला शब्द सुचेना. तीच बोलली, हळू, शेजारच्या खाटेला ऐकू जाणार नाही अशी.

"दोन गोळ्यांवर हा हात किती दिवस असा राहील?"

"सांगता येत न्हाई."

"परत सुजल?"

"सुजल बहुतेक."

"चुडा भरता येईल?"

मी पुढची बांगडी चढवली. सगळ्या बांगड्या भरून झाल्या. मी हात सोडला आणि मागं सरकलो. तिनं हात जोडले नाहीत. मनगट फिरवून बांगड्या बघितल्या, सरळ माझ्याकडं बघितलं.

"काल तुझी अब्रू राखली मी," ती म्हणाली. "चारचौघांत राखली. आता माझा हात राख. डॉक्टर खाली बसलेत."

डॉक्टरांच्या केबिनमध्ये आणखी एक पेशंट होता. मी त्याच्यासमोरच सांगितलं, कारण एकांत मिळेपर्यंत थांबलो असतो तर पुन्हा तोंड मिटलं असतं. पेटीचं सांगितलं, झाकणातल्या कप्प्याचं सांगितलं, तेरा गोळ्या एकदम दिल्याचं, रक्ताची तपासणी मीच पुढं ढकलल्याचं. तिला वार पक्के कळतात, म्हणालो, प्रत्येक वाराला कुठल्या गावचा बाजार ते ती झोपेत सांगेल. मी 'कळमनुरीच्या बाजाराला' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. ती चुकली नाही. तिनं माझं ऐकलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही काय करता?"

"मेडिकलवर असतो."

"किती वर्षं?"

"अठरा."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी फाइल ओढली. "तीन आठवड्यांनी रक्त बघू. चांगलं असेल तर पुन्हा सुरू करू, डोस निम्म्याहून कमी. गोळी नाही. इंजेक्शन, आठवड्यातून एकदा, दवाखान्यात सिस्टरच्या हातानं, आणि तिथंच वहीत सही. पंधरा दिवसांनी रक्त. आणि तुम्ही." ते थांबले. "तुम्ही फक्त त्यांना तिथं घेऊन जायचं. बाकी काही करायचं नाही."

मी व्हय म्हणालो आणि वर आलो. माय खाटेच्या कडेला बसली होती, पिशवी भरलेली, चप्पल घातलेली. बाबा दारात. शेजारचा नवरा बायकोला चहा देत होता.

"सांगितलं?" तिनं विचारलं.

"सांगितलं. सुईनं देणार हायेत. आठवड्याला एक."

"कुठल्या दिवशी?"

"कळमनुरीच्या बाजाराच्या," मी म्हणालो. "तेवढ्याच."

तिनं मान हलवली. मग बांगड्या मागं सारल्या, दोन्ही हात जोडले आणि मला नमस्कार केला. मान खाली, डोळे मिटलेले, बाजारातली कुठलीही बाई करते तसा. ज्या पोरानं तिला मरणाच्या दारात नेलं होतं त्याच्यापुढं. काय आशीर्वाद द्यायचा असतो ते मला पाठ होतं, लहानपणापासून हजार वेळा ऐकलेलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो.

तिनं हात तसेच जोडलेले ठेवले.

"आवाज न्हाई निघाला," ती म्हणाली. "परत म्हण."

मी परत म्हणालो.